स्टेनोबाईंनी खेळलेले साहसी खेळ

पडद्यावर रोज दऱ्या ओलांडणारी, ज्वालामुखीच्या काठावरून धावणारी, उडत्या जहाजातून बिनधास्त खाली उडी टाकणारी सून स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून पडली. बल्ब बदलत होती. बल्बला काही झालं नाही, उजवं मनगट मात्र मोडलं. डॉक्टरांनी बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि हाताला पूर्ण विश्रांती सांगितली.

"अंगठ्यालासुद्धा?" सुनेने विचारलं.

"अंगठा हातालाच असतो ना तुमच्या?" डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यांना काय कल्पना! सुनेचं पोटच अंगठ्यावर होतं. खेळांविषयी लिहिणाऱ्या एका वेबसाइटसाठी ती व्हिडिओ गेम खेळायची आणि कुठला घ्यावा, कुठला घेऊ नये, ते लिहायची. असं काम जगात असतं यावर तिच्या सासूबाईंचा लग्नानंतर बरेच दिवस विश्वास बसला नव्हता. कुणी विचारलं, की "कॉम्प्युटरमध्ये आहे," असं सांगून त्या घाईघाईने समोरच्याच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या.

आणि पडायची वेळही काय साधली! इतकी वर्षं सून लेखागणिक काम करत होती. आता संपादकांनी शब्द दिला होता. 'हातात धरून खेळायच्या कन्सोलवरचे दहा उत्तम साहसी खेळ' अशी यादी त्यांना हवी होती. ती चांगली उतरली, की सुनेला कायमची नोकरी. यादी शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत पोचली पाहिजे. दहातले चार खेळ अजून शेवटपर्यंत खेळायचे राहिले होते, आणि शेवट न पाहता लिहायचं नाही असा सुनेचा नेम होता. नवरा औषधांच्या कंपनीचा माल घेऊन गावोगाव फिरतीवर. घरात धडधाकट अंगठे राहिले ते फक्त सासूबाईंचे.

सासूबाईंना सगळे स्टेनोबाई म्हणत. ऑफिसातलं हे नाव निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर घरी आलं आणि घरचंच झालं. टाइपरायटरचा खडखडाट, ओळ संपली की वाजणारी ती छोटी घंटा, कार्बन पेपरने निळी झालेली बोटं, शाईच्या फितीचा वास, यात त्यांचा उमेदीचा सगळा काळ गेला होता. दहा बोटांनी, की-बोर्डकडे न पाहता, समोरच्याच्या तोंडाकडे बघत टाइप करणारी बाई. पण गंमत अशी, की टाइपरायटरवर अंगठ्याला काम एकच, दोन शब्दांत जागा सोडायची. बाकीची बोटं राबली, अंगठा आरामात बसून राहिला. तो असा म्हातारपणी कामाला आला.

"आई, मी सांगते तसं दाबायचं. बस्स. तुम्ही डोकं लावायचं नाही," सून म्हणाली.

"ते मला नवीन नाही," स्टेनोबाई म्हणाल्या.

पहिला दिवस डावं-उजवं करण्यात गेला.

"डावीकडे, आई. डावीकडे!"

"अगं, डावीकडेच चाललेय."

"ते त्याचं डावं झालं. आपल्या डावीकडे."

"मग आपण कोण, तो की मी?"

तेवढ्यात स्क्रीनवरचा केसाळ तरुण कड्यावरून खाली गेला. स्टेनोबाई "अरे अरे अरे!" म्हणत सोफ्यावर अर्ध्या उभ्या राहिल्या. तो पुन्हा जिथून निघाला होता तिथेच ताजातवाना होऊन उभा राहिलेला दिसला तेव्हा मात्र त्या जरा नाराजच झाल्या. एवढा जीव तोडून ओरडल्याचं काही चीज झालं नाही असं त्यांना वाटलं.

एके काळी याच घरात सून नवी असताना स्टेनोबाई तिच्या पाठीशी उभ्या राहून "हलव, अजून हलव, आता झाकण ठेव, आता गॅस बारीक कर," असं सांगत असत. आता सून पाठीशी उभी राहून "पळा, अजून पळा, आता उडी मारा, आता थांबा" म्हणत होती. दोघींच्याही हे लक्षात आलं होतं. सून "थांबा"नंतर क्षणभर जास्तच थांबायची आणि गालातल्या गालात हसायची.

खरी अडचण दुसरीच होती. स्टेनोबाई लोकांच्या घरात शिरायला तयार नसत.

"आई, त्या झोपडीत जा. कपाट उघडा. आत किल्ली आहे."

"घरात कोणी नाही."

"म्हणून तर जायचं!"

"कोणी नसताना कपाट उघडायचं? शिकली-सवरलेली ना गं तू?"

"आई, तो नायक आहे. त्याला जग वाचवायचंय."

"जग वाचवणाऱ्याने विचारून घ्यावं. बाहेर ती बाई कपडे वाळत घालतेय, तिला आधी विचारू."

कपडे वाळत घालणारी बाई प्रत्येक वेळी एकच वाक्य बोलायची: आज वारा फार सुटलाय. स्टेनोबाई तिच्याशी वारंवार बोलून आल्या. शेवटी "वेंधळी आहे बिचारी, एकटी राहून राहून झालं असेल तसं" असा निर्वाळा देऊन, तिच्या माघारी, मान दुसरीकडे वळवून त्यांनी किल्ली उचलली. संध्याकाळभर त्यांना चैन पडली नाही.

आठवडा सरेपर्यंत मात्र चित्र पालटलं. अंगठे वळले. चहा निवायला लागला. शेजारीण गप्पा मारायला आली तर "जरा दमानं, पुलावर आहे," असं उत्तर मिळायला लागलं. राहिलेल्या चार खेळांपैकी एक तर त्यांच्या जिवाला चटका लावून गेला. त्यात एक कोल्हा टपाल वाटायचा. बर्फाचे डोंगर, बंद पडलेली गावं, आणि त्याच्या पाठीवर पत्रांची पिशवी. लढाई नाही, तलवार नाही. पत्र पोचलं, की दार उघडायचं, आतला माणूस ते वाचायचा, आणि त्या घराच्या खिडकीत दिवा लागायचा. बस्स, एवढंच. जन्मभर पत्रं टाइप करून ती पुढे कुणाच्या हातात पडतात, तो माणूस हसतो की कपाळाला हात लावतो, हे कधीच पाहायला न मिळालेल्या बाईला यापरता दुसरा खेळ काय हवा होता?

सुनेचा लाडका खेळ वेगळा. त्यात एक मुलगी बुडालेल्या बेटावरच्या घंटा शोधत पाण्याखाली फिरायची. तोही स्टेनोबाईंनी संपवला, पण श्वास रोखून बसल्यामुळे त्यांची छाती दुखली.

शुक्रवारी दुपारी संपादकांचा फोन आला. हात प्लास्टरात, म्हणून सुनेने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता.

"यादी तयार?"

"उद्या पाठवते, सर. सगळे खेळून झालेत."

"उत्तम. तो तलवारवाला एक नंबरवर ठेवा."

तलवारवाला म्हणजे तोच केसाळ तरुण, पहिल्या दिवशी सरावापुरता लावलेला, सारखा कड्यावरून पडणारा. रंगीत खडे गोळा करायचे, राक्षस मारायचा, पुन्हा खडे गोळा करायचे. सुनेने त्याला यादीत धरलंच नव्हतं.

"सर, तो दहातसुद्धा बसत नाही."

"बसवा. आपल्या साइटवर चहूबाजूंनी त्यांच्या जाहिराती आहेत, तुम्ही बघता ना? आणि हे पाहा, कायम माणूस म्हणून मला समजूतदार माणूस पाहिजे. लिहिणारे काय, खूप आहेत."

सुनेचा फोन संपल्यावर स्टेनोबाईंनी कोल्ह्याला थांबवून तिच्याकडे पाहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. स्टेनोबाईंना हे चिन्ह चांगलं ओळखीचं होतं. साहेबांचे आधी कान लाल होत, मग ते स्टेनोला बोलावत.

शनिवारी दुपारी सुनेने त्यांना लॅपटॉपपुढे बसवलं आणि खोलीत येरझाऱ्या घालत यादी सांगायला सुरुवात केली. स्टेनोबाईंचा पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. किती वर्षांनी कुणीतरी त्यांच्यासमोर चालत चालत बोलत होतं! की-बोर्डवरची बटणं आवाज करत नव्हती, ओळ संपल्यावर घंटा वाजत नव्हती, पण बोटांना त्याचं काही वाटलं नाही. पहिल्या नंबरवर बुडालेलं बेट. दुसऱ्या, तिसऱ्याला आणखी कुठले कुठले. कोल्हा चौथा. स्टेनोबाईंची बोटं तिथे किंचित अडखळली, पण पुढे गेली. टाइपिस्टने मत द्यायचं नसतं.

दहाव्या खेळानंतर सून थांबली, खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, "आता लिहा. तलवारवाला या यादीत नाही, कारण तो खेळ नाही, ती झोपेची गोळी आहे. नवा परिच्छेद. ही यादी मी खेळून केली आहे. जाहिराती बघून यादी करायची असती, तर त्याला खेळणारा माणूस कशाला लागला असता? पूर्णविराम."

"पूर्णविराम की प्रश्नचिन्ह?"

"प्रश्नचिन्ह. आई, मला एक्स-रेला जायचंय, उशीर झालाय. तुम्ही एकदा वाचा, चुका काढा, आणि सहाच्या आत पाठवून द्या. पाठवायचं कसं ते येतं ना?"

"येतं की. मुलाला रोज नाही का पाठवत?"

सून गेली. स्टेनोबाईंनी यादी वाचली. एका ठिकाणी वेलांटी सुधारली. आणि त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्यांनी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. हात आपसूक वळला.

त्याचं असं होतं. ऑफिसात त्यांच्या टेबलाला डाव्या अंगाला एक खण होता. वर फितींचे डबे, खाली रागाची पत्रं. साहेब कुठलेही असोत, कधी ना कधी त्यांचे कान लाल व्हायचे आणि ते कुणाला तरी कडक पत्र सांगायचे. वर "आजच्या आज गेलं पाहिजे" म्हणायचे. स्टेनोबाई ते पत्र सुबक टाइप करायच्या, कार्बन प्रतीसकट, आणि खणात ठेवून द्यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या कागदांखाली घालून सहीला न्यायच्या. साहेब चष्म्यावरून बघायचे.

"हे गेलं नव्हतं का?"

"टपाल निघून गेलं होतं, साहेब."

"बरं झालं," म्हणून साहेब पत्र टराटरा फाडायचे.

कुणी हे त्यांना शिकवलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. किती शिपायांच्या नोकऱ्या, किती भागीदाऱ्या त्या खणात एका रात्रीत वाचल्या, किती भाऊबंदक्या निवल्या याचा हिशेब नाही. एकदा तर एका साहेबांचा स्वतःचाच राजीनामा निवला होता. ते साहेब पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीवर बसले. स्टेनोबाई याला आपली सगळ्यात मोठी कामगिरी समजत, जरी ते साहेब त्यानंतर रोज दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करून ऑफिसात यायचे.

तर लॅपटॉपला खण नव्हता, पण मसुद्यांची जागा होती. स्टेनोबाईंनी यादी तिथे ठेवली, लॅपटॉप मिटला, त्यावर टाइपरायटरवर घालायच्या तसं स्वच्छ फडकं घातलं, आणि मन शांत होऊन त्या डोंगरापलीकडच्या गावात पत्र द्यायला निघाल्या.

सून परतली तेव्हा सहा वाजून बराच वेळ झाला होता.

"पाठवलंत?"

"ठेवलंय."

"ठेवलंय म्हणजे?"

"अगं, रागाचं पत्र लगेच पाठवू नये. रात्रभर राहू दे. सकाळी तूच म्हणशील, बरं झालं."

सून जागच्या जागी खाली बसली. सोफ्यावर नाही, जमिनीवर.

"आई, ते पत्र नव्हतं! ती माझी यादी होती! सहाच्या आत!"

"साहेब लोक सगळं आजच्या आज म्हणतात गं..."

"मी साहेब नाहीये! मी तुमची सून आहे, आणि माझी नोकरी गेली! मी शुद्धीत, विचार करून, रात्रभर जागून ते ठरवलं होतं. सर नाही म्हणाले असते तर नाही म्हणाले असते. पण माझं मत माझ्या तोंडाने सांगितलं असतं ना मी!"

स्टेनोबाईंनी कन्सोल बाजूला ठेवला.  एवढ्या वर्षांत कुठल्याही साहेबाने असं जमिनीवर बसून त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. साहेब लोक फाडून टाकत आणि चहा मागवत. त्या चाचरत म्हणाल्या, "आत्ता पाठवू? दाबते लगेच."

त्या फडकं काढायला उठल्या तेवढ्यात फोन वाजला. संपादकच. सुनेने डोळे मिटले आणि डाव्या हाताने स्पीकर लावला.

"सर, मी सांगणारच होते, यादी..."

"फक्कड! फक्कड झालीय!" संपादक म्हणाले. "लोक धडाधड वाचतायत. मी तुम्हाला उगाच हट्टी समजत होतो. तलवारवाल्याला काय छान मांडलंय! 'प्रत्येक घरात असावा असा.' वा!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सुनेने एका हाताने लॅपटॉप उघडला. साइटवर यादी होती. खाली सुनेचं नाव होतं. पण यादी गेल्या वर्षीची, केव्हाच काम सोडून गेलेल्या कुणा दुसऱ्याची. सहा वाजले तरी काही आलं नाही म्हटल्यावर ऑफिसात बसलेल्या कुणीतरी जुनी यादी काढली होती, वर्ष आणि नाव बदललं होतं, तलवारवाला डोक्यावर बसवला होता, आणि सुटकेचा निःश्वास टाकून तो घरी गेला होता. संपादकांनी तेवढा पहिला नंबर वाचला असावा. वाचकांनी तर तेवढाही नाही. खाली एकाने लिहिलं होतं: किती ताजी आणि प्रामाणिक यादी!

"सोमवारी या," संपादक म्हणत होते. "कागद तयार करायला सांगतो. असा समतोल मला माणसांत पाहिजे. ऐकताय ना?"

सुनेने तोंड उघडलं. स्टेनोबाईंना वाटलं, आता सांगेल. आणि त्यांना स्वतःचंच नवल वाटलं, कारण त्यांना वाटत होतं, तिनं सांगावं.

"हो, सर," सून म्हणाली. "थँक यू, सर."

 राग निवतो तो असा निवतो हे स्टेनोबाईंनी कधी समोर बसून पाहिलं नव्हतं. त्या सकाळी येऊन फक्त फाडलेले तुकडे टोपलीत भरत असत.

फोन बंद झाला. सून जमिनीवरच बसून होती. स्टेनोबाई सोफ्याला धरून, गुडघ्यांच्या नावाने खडे फोडत, हळूहळू तिच्याशेजारी खाली बसल्या. खाली बसायचं त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी सोडलं होतं.

"सोमवारी जा आणि खरं काय ते सांग," त्या म्हणाल्या. "म्हणावं, सासूने घोळ घातला."

"सांगून काय होणार, आई? त्यांना पाहिजे ते त्यांना मिळालं. नोकरी मला पाहिजे होती, ती मिळाली. सगळे खूश." सून प्लास्टरच्या कडेचा कापूस उपटत होती. "फक्त माझी यादी कोणी वाचली नाही."

"मी वाचली की."

"तुम्ही टाइप केलीत."

"टाइप करताना आम्ही वाचत नाही. वाचलं तर चुका होतात. तू गेल्यावर वाचली, मग ठेवली आणि पुन्हा उघडून वाचली. जन्मात टाइप केलेला एकच कागद मी परत उघडला असेल तर तो हा."

सुनेने कापूस उपटायचं थांबवलं. "मग? कशी वाटली?"

इथे दुसऱ्या कुठल्याही सासूने, विशेषतः नुकताच एवढा पराक्रम करून बसलेल्या सासूने, "छान" म्हणून वेळ मारून नेली असती. स्टेनोबाईंनी विचार केला.

"भाषा चांगली आहे. बेटावरच्या घंटांचं लिहिलंस तिथे डोळ्यांत पाणी आलं. पण क्रम चुकलाय."

"क्रम चुकलाय?"

"कोल्हा चौथा कसा? तो पहिला पाहिजे."

"आई, तो सुंदर आहे, मान्य. पण त्यात धोका कुठे आहे? साहसी खेळ आहे तो. साहस पाहिजे की नको?"

"बर्फातनं एकट्याने पत्र घेऊन जाणं म्हणजे साहस नाही? आतल्याला त्यात काय लिहिलंय हे माहीत नसताना दार ठोठावणं? तू पाण्यात डुबक्या मारणाऱ्या पोरीला पहिला नंबर देतेस, तिला तर कुणी विचारणारसुद्धा नाही!"

"म्हणूनच! तिला कुणी पाठवलेलं नाहीये, ती स्वतःहून जाते!"

"जाते आणि चार घंटा वाजवून येते. गावाला त्याचा काय उपयोग?"

"उपयोग? साहसाचा उपयोग विचारताय तुम्ही? थांबा, पाचवं दालन परत लावा, तुम्ही तिथे घाई केलीत. घंटा न वाजवताच वर आलात!"

"तूच ओरडलीस, 'श्वास संपला, श्वास संपला' म्हणून!"

स्टेनोबाईंनी हात लांब करून कन्सोल ओढला. सून त्यांच्या खांद्यावरून स्क्रीनवर वाकली. एवढ्यात फोन पुन्हा वाजला. फिरतीवरचा मुलगा होता. त्याने साइटवर बायकोचं नाव पाहिलं होतं आणि त्याला अभिनंदन करायचं होतं. यादी अगदी त्याच्या मनासारखी झाली होती म्हणे, विशेषतः पहिला नंबर.

"थांब रे जरा," दोघी एकदमच म्हणाल्या, "पाण्याखाली आहोत."